कॅमेरा त्यांचा, किल्ली कुणाची?



ठाणे जिल्ह्यात बदलापूरजवळ बारवी धरण आहे. ते औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे. त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला गेले की दरवाजे आपोआप उघडतात आणि जास्तीचे पाणी बारवी नदीत जाते, तिथून उल्हास नदीत. त्याला कुणा साहेबाची सही लागत नाही, मंत्रालयातून फोन यावा लागत नाही. पातळी चढली, दरवाजा उघडला, एवढा साधा नियम आहे.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात कोकणातल्या धरणाचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. या धरणाचे पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरपासून पुढच्या शहरांना आणि कारखान्यांना जाते. त्यासाठी ज्यांची घरेदारे आणि जमिनी गेल्या, ती सुमारे बाराशे कुटुंबे, त्यांत बरीच आदिवासी, पुनर्वसनासाठी आणि घरटी एका नोकरीसाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. धरणातले पाणी रोज सेंटिमीटरपर्यंत मोजले जाते, वर्तमानपत्रात छापले जाते. पण त्या माणसांना दिलेला शब्द किती पाळला गेला, ते मोजायला कुठे पट्टी लावलेली नाही. पाण्याला पट्टी आहे, सत्तेला नाही. पाण्याचा दरवाजा आपोआप उघडतो. सत्तेच्या दप्तराचा दरवाजा मात्र ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात असतो.

आज सरकार आपल्याला सांगते आहे की आता काळजी करू नका, सगळीकडे कॅमेरे आले, संगणक आले, ॲप आले. आता पोलिसांचा आणि कचेऱ्यांचा कारभार उघडा होणार. आमचे म्हणणे असे की यंत्र बसवले म्हणजे हिशोब दिला असे होत नाही. यंत्राची किल्ली कुणाकडे आहे आणि त्यातली नोंद कोण पाहू शकतो, यावर सगळे ठरते. हे आम्ही हवेत बोलत नाही. बारवीजवळच्या बदलापुरात आणि आपल्या कापसाच्या मुलखातल्या परभणीत जे घडले, ते समोर ठेवूनच बोलतो.

बदलापुरात काय झाले

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. १६ ऑगस्टला पालक पोलीस ठाण्यात गेले. त्यांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी सुमारे बारा तास ताटकळावे लागले, अशी बातमी गावभर झाली. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि दिवसभर रेल्वे बंद पडली. त्यानंतर हालचाल सुरू झाली. ठाण्यातल्या तिघा पोलिसांना निलंबित करण्याचा आदेश निघाला, विशेष तपास पथक नेमले गेले. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना आणि शाळेला खडे बोल सुनावले.

आता यातले यंत्र पाहा. शाळेत कॅमेरे होते. पण पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नाही, असे खुद्द त्या वेळचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले. कॅमेरा होता, डबा होता, तार होती. नेमके हवे होते ते चित्रण मात्र नव्हते. मुलींना न्याय मिळावा म्हणून जी हालचाल झाली ती त्या कॅमेऱ्याने केली नाही. ती रुळांवर बसलेल्या माणसांनी केली.

पुढची गोष्ट याहून गंभीर आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी या गुन्ह्यातल्या आरोपीला तळोजा तुरुंगातून पोलीस गाडीतून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ गाडीतच गोळी घालून ठार करण्यात आले. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. बऱ्याच लोकांनी फटाके वाजवले, पेढे वाटले. आम्हांला त्यांचा राग समजतो. पण त्या गाडीत जिवंत उरलेले साक्षीदार कोण होते? फक्त पोलीस. दंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली. जानेवारी २०२५ मध्ये तो अहवाल उच्च न्यायालयासमोर आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते, बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि पाच पोलीस या मृत्यूला जबाबदार आहेत, असे त्यात होते. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून पथक नेमण्याचे काम पोलीस महासंचालकांकडे सोपवले.

नराधम मेला, बरे झाले, असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तो जिवंत राहून भर कोर्टात खटला उभा राहिला असता, तर आणखी कोण कोण गप्प बसले, कुणी उशीर केला, चित्रण कुठे गेले, हे सगळे उलटतपासणीत निघाले असते. ते आता कसे निघणार? त्या मुलींच्या आईबापांचा उत्तर ऐकण्याचा हक्क त्या गाडीतच मारला गेला. आणि आज गुन्हेगारासाठी वापरलेली गाडी उद्या कर्जवसुलीला, वीजबिलाला, भूसंपादनाला विरोध करणाऱ्यासाठी वापरायला कुणी अडवणार आहे काय?

परभणीत कॅमेरा होता

परभणी आपलीच. कापूस, ज्वारी, सोयाबीनचा जिल्हा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यावरून दंगल उसळली, पोलिसांनी धरपकड केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी कारण लिहिले : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

या प्रकरणात पोलीस ठाण्यातले चित्रण होते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की चित्रणात मारहाण दिसत नाही आणि मृताला आधीपासून आजार होता. एका बाजूला सरकारने पाहिलेले चित्रण, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांनी पाहिलेले शरीर. चित्रण आईने पाहिले नव्हते, गावाने पाहिले नव्हते. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ३० जुलैला सरकारचे म्हणणे फेटाळले गेले.

यातून काय शिकायचे? जे चित्रण एकाच बाजूने पाहिलेले असते त्याला पुरावा म्हणत नाहीत, ते फक्त एका बाजूचे सांगणे असते. कॅमेऱ्यात दिसत नाही, असे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा : कुठला कॅमेरा, कुठल्या खोलीतला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचा? आणि दुसरा प्रश्न : आम्हांला कधी दाखवता?

हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे

कापूस उत्पादकाला हे शिकवायला नको. तुम्ही सीसीआयच्या केंद्रावर गाडी नेता. तिथे ओलावा मोजायचे यंत्र असते. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बारा टक्क्यांवर गाडी परत. यंत्र खोटे बोलत नाही. पण ते कापसात कुठे खुपसले, वरच्या कोरड्या थरात की खालच्या दमट थरात, किती वेळा खुपसले आणि आकडा कुणी वाचला, यावर तुमचे वर्षभराचे कष्ट ठरतात. म्हणून आपण काय मागतो? यंत्र फोडून टाका असे मागत नाही. आकडा आमच्या डोळ्यांसमोर येऊ द्या, पुन्हा मोजायची मुभा द्या आणि पावतीवर लिहून द्या, असे मागतो. वजनकाट्याचेही तसेच. काटा व्यापाऱ्याचा असला तरी आकड्याची पाटी शेतकऱ्याकडे तोंड करून लागली पाहिजे, हा आपला जुना आग्रह आहे.

पीक कापणी प्रयोगाचे उदाहरण घ्या. आम्ही कृषी महाविद्यालयात हे शास्त्र शिकलो आणि पुढे शेतांच्या बांधांवर पाहिले. प्रयोगाचे शेत कोणते, हे तलाठ्याच्या किंवा कृषी सहायकाच्या मर्जीवर सोडलेले नसते. ते यादृच्छिक आकड्यांवरून निघते. म्हणजे चिठ्ठी टाकून काढावे तसे. प्लॉट आखायचा, कापायचा, वजन करायचे, ते सगळे गावातल्या माणसांसमोर. असे का? कारण निवड एकदा माणसाच्या हातात गेली की हवा तो निकाल काढता येतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. विमा कंपनीला चांगले शेत हवे असते, आपल्याला खराब. म्हणून निवड कुणाच्याच हातात ठेवायची नाही आणि मोजणी सर्वांसमोर करायची. या पद्धतीतही लबाडी होते, पण ती पकडता येते, कारण नियम सर्वांना माहीत असतो.

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याला हेच दोन नियम लावा. कुठल्या दिवसाचे, कुठल्या कॅमेऱ्याचे चित्रण तपासायचे ते चिठ्ठीने ठरू द्या. आणि तपासताना ठाण्याबाहेरचा माणूस हजर असू द्या. एवढ्यावर आमची अर्धी मागणी पुरी होते.

कायदा आपल्या बाजूला आहे, पण कागदावर

ठाण्यात कॅमेरे लावा, ही मागणी आंदोलनवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने हवा, नातेवाइकाला कळवले पाहिजे. वडाळा रेल्वे पोलिसांच्या कोठडीतल्या एका मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ सालीच राज्यातल्या ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितले. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी तपशीलवार आदेश दिला. तो आपण नीट समजून घ्यावा, कारण त्यात आपल्या हाताला लागतील अशा बऱ्याच गोष्टी आहेत.

कॅमेरे ठाण्याच्या प्रत्येक दारावर, कोठडीत, पडवीत, साहेबांच्या खोलीत, आवारात आणि मागच्या बाजूलाही हवेत. चित्र हवे तसा आवाजही हवा. चित्रण अठरा महिने टिकले पाहिजे. तशी यंत्रे मिळत नसतील तर निदान एक वर्ष. ठाण्याच्या दारावर मराठीत मोठा फलक हवा की इथे कॅमेरे चालू आहेत आणि अत्याचार झाल्यास चित्रण जपून ठेवायला सांगण्याचा हक्क तुम्हांला आहे. कॅमेरा बिघडला तर ठाणेदाराने ताबडतोब जिल्हा समितीला कळवायचे आहे.

ही जिल्हा समिती म्हणजे कोण? विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि शहरात महापौर किंवा नगराध्यक्ष, तर ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. नीट ऐका. आपण मते देऊन निवडतो त्या जिल्हा परिषदेचा अध्यक्ष पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या समितीत बसतो. किती अध्यक्षांना हे ठाऊक होते? आणि २०२२ नंतर कित्येक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे निवडून आलेला अध्यक्षच नव्हता, प्रशासक होता. म्हणजे देखरेख करणाऱ्यांत लोकांचा जो एक माणूस होता त्याचीच खुर्ची रिकामी. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा स्वतःहून हा प्रश्न हाती घ्यावा लागला, कारण राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि कॅमेरे चालत नसल्याचे पुढे आले. पाच वर्षांनी न्यायालय तोच प्रश्न विचारत असेल तर आदेशाचे काय झाले ते समजून घ्या.

तक्रार कुणाकडे करायची, याचाही इतिहास असाच. प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी विभागाला एक प्राधिकरण ठेवले. यवतमाळच्या एखाद्या खेड्यातल्या मजुराने ठाणेदाराविरुद्ध तक्रार घेऊन विभागाच्या गावी खेटे घालायचे. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून. असा दरवाजा उघडा असून नसल्यासारखाच.

उलट बाजूही पाहू

आमच्या बैठकांत दोन शंका निघतात. दोन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिली शंका : कॅमेरे वाढले की ते आपल्यावरच रोखले जातील. ही भीती खरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून शेतकऱ्यांवर अश्रुधूर सोडला. वरून पाहणारे यंत्र वरून मारणारे झाले. आपल्याकडेही मोर्चात पोलिसांचा माणूस कॅमेरा घेऊन फिरतो आणि नंतर चेहरे ओळखून नोटिसा येतात. म्हणूनच आम्ही म्हणतो की कॅमेरा हवा की नको, हा वादच चुकीचा आहे. लोकांच्या पैशातून लोकांवर रोखलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्रण लोकांनाही मागता आले पाहिजे. मोर्चाचे चित्रण पोलीस कोर्टात वापरणार असतील, तर लाठीमाराच्या आधीची दहा मिनिटेही त्यांनी द्यायला हवीत.

दुसरी शंका : यामुळे पोलिसांचे मनोधैर्य खचेल. ठाण्यातला शिपाई आपल्याच घरातला आहे. कुणाचा पोरगा, कुणाचा जावई. बारा-बारा तास उभा असतो. वरून तोंडी हुकूम येतो आणि अंगाशी आले की निलंबन त्याचे होते. हुकूम देणाऱ्याचा आवाज कुठेच नोंदलेला नसतो. नोंद चोख असेल तर प्रामाणिक शिपाई वाचतो. पारदर्शकतेची भीती त्याला नाही, ती तोंडी हुकूम देणाऱ्यांना आहे.

लोकांच्या हातातल्या यंत्राचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९८६ च्या डिसेंबरात कापूस आंदोलनात सुरेगावला पोलिसांच्या गोळीने शेतकरी पडले, तेव्हा तिथे कुणाच्या हातात कॅमेरा नव्हता. सरकारचे म्हणणे एका बाजूला आणि आपली तोंडी साक्ष दुसऱ्या बाजूला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे गेले. तेव्हा मात्र दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते आणि पोलिसांचे वागणे साऱ्या राज्याने घरात बसून पाहिले. मेलेली माणसे त्यामुळे परत आली नाहीत. पण घडलेच नाही, असे म्हणायची सोय उरली नाही. हा फरक लहान नाही.

ठाण्यात जाऊन मोबाइलवर चित्रण केले की शासकीय गुपिते कायदा लावण्याची धमकी मिळते. १९२३ सालचा, इंग्रजांच्या काळचा, हेरांसाठी केलेला कायदा. वर्ध्याच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२२ साली सांगितले की पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले निषिद्ध ठिकाण नाही. पाथर्डीच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने २०२४ साली तेच सांगितले. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ करावा. याचा अर्थ ठाण्यात जाऊन दंगा करावा असा नाही. शांतपणे, कुणाच्या कामात अडथळा न आणता आपले बोलणे नोंदवून ठेवावे, एवढाच आहे.

आपण काय करायचे

भाषण ऐकून घरी जाण्यासाठी जिल्हा बैठक नसते. पुढील कामे प्रत्येक तालुक्याने वाटून घ्यावीत.

१. येत्या महिन्यात आपापल्या पोलीस ठाण्यात जाऊन दारावरचा फलक पाहावा. फलक आहे की नाही, मराठीत आहे की नाही, एवढेच लिहून आणावे. दोघे जावे, एकटे जाऊ नये.

२. प्रत्येक ठाण्यासाठी एक माहिती अधिकार अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. दहा रुपयांचे तिकीट लागते. प्रश्न पाचच असावेत : कॅमेरे किती, चालू किती, चित्रण किती दिवस टिकते, गेल्या वर्षभरात बिघाड कधी कधी झाला, आणि जिल्हा देखरेख समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या. चित्रण मागू नका, आकडे मागा. चित्रण मागितले की तपासाचे किंवा वैयक्तिक माहितीचे कारण पुढे येते, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती पळवाट आणखी रुंद केली आहे. आकड्यांना ते कारण लावता येत नाही.

३. आपला माणूस उचलला गेला तर पहिल्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे की अमुक ठाण्याचे अमुक तारखेचे, अमुक वेळेपासूनचे चित्रण जपून ठेवा. पोच घ्यावी. पोच हातात असेल तर चित्रण पुसले गेले, असे नंतर सांगणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती अधिकारात ४८ तासांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जावर हे ठळक लिहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावे ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची आहेत. ती यादी पाहायला मागावी.

४. बोगस बियाणे, सावकारी, मोटार-केबलची चोरी अशी तक्रार घेऊन गेल्यावर नुसता अर्ज ठेवून घेऊन परत पाठवतात, हा सर्वांचा अनुभव आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितले. नव्या संहितेने तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे, पण ती वरिष्ठाच्या परवानगीनेच. परवानगीचा कागद दाखवा, असे म्हणावे. फिर्याद झाली की तिची प्रत फुकट मिळते. ठाणेदाराने नकार दिला तर कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जावे. घराची झडती घेतली, माल जप्त केला तर कलम १०५ प्रमाणे त्याचे चित्रण करणे आता पोलिसांवरच बंधनकारक आहे. चित्रण चालू आहे का, हे पंचांनी विचारावे.

५. मोर्चात, रास्ता रोकोत तालुक्याचे दोन जण चित्रणाच्या कामावर ठेवावेत. त्यांनी घोषणा देऊ नयेत, दगडाला हात लावू नये. तारीख, वेळ, ठिकाण तोंडाने बोलून सुरुवात करावी. काटछाट करू नये, गाणे जोडू नये. मूळ फोन आणि मूळ फाइल सांभाळावी, कारण कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. अत्याचार झालेल्या बाईचे किंवा लेकराचे नाव, चेहरा, घर चुकूनही दाखवू नये. तो गुन्हा आहे आणि पापही आहे.

६. ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि जिल्हा परिषदेला पाठवावा की ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचा अहवाल दर तीन महिन्यांनी सर्वसाधारण सभेपुढे यावा. पोलीस पाटलाला या ठरावाची प्रत द्यावी.

यातले एकही काम कायद्याबाहेरचे नाही. एकालाही पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही. पण एकट्या माणसाने केले तर त्याला त्रास होतो, आणि शंभर गावांनी एकाच महिन्यात केले तर प्रशासनाला उत्तर द्यावे लागते. माहिती आयोगाकडे अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, हे खरे. म्हणूनच एकाच ठाण्याचा अर्ज पन्नास जणांनी टाकू नये. पन्नास ठाण्यांचे पन्नास अर्ज जावेत. आलेली उत्तरे आणि न आलेली उत्तरेही या पत्रकात ठाण्याच्या नावानिशी छापली जातील. बारवीची पातळी वर्तमानपत्रात छापली जाते, तशी.

सरकारकडे मागण्या

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव मांडत आहोत. चर्चा करावी, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि मग मंजूर करावा.

एक, पोलीस ठाण्यांचे चित्रण ठाण्यातल्या डब्यात न ठेवता पोलीस खात्याच्या अखत्यारीबाहेरच्या ठिकाणी साठवावे. जिल्हा न्यायालयाच्या देखरेखीखाली ठेवणे आम्हांला योग्य वाटते. दोन, आरोपींना नेणाऱ्या प्रत्येक पोलीस गाडीच्या आत कॅमेरा असावा आणि तो बंद पडल्यास त्याचा खुलासा त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांकडे जावा. तीन, कोठडीत मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास त्या आणि आदल्या दिवसांचे चित्रण नातेवाइकांना आणि त्यांच्या वकिलाला अर्ज न करता, ठरावीक मुदतीत, आपोआप मिळावे. चार, जिल्हा देखरेख समितीने दर महिन्याला चिठ्ठी टाकून ठाणे, दिवस आणि कॅमेरा निवडावा आणि बिनसरकारी माणसांसमोर चित्रण तपासावे. ठाण्यांना अचानक भेट देणारे बिनसरकारी पाहुणे नेमण्याचा विचार राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगितले आहे. पाच, पोलीस तक्रार प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात असावे.

यांतली तिसरी मागणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. त्यात ‘आपोआप’ हा शब्द आहे आणि तो काढू द्यायचा नाही. ‘मागितल्यास देण्यात येईल’ असे लिहिले की पुन्हा अर्ज, पुन्हा सही, पुन्हा खेटे. पातळी चढल्यावर बारवीचे दरवाजे उघडायला आपले सरकार कुणाचा अर्ज मागत नाही, कारण उशीर झाला तर धरण धोक्यात येते हे त्याला कळते. कोठडीत माणूस मेल्यावर उशीर झाला तर काय धोक्यात येते, हे बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावात नीट समजावून सांगावे आणि ठरावाखाली सह्या घेऊन यावे.